प्रकल्प उतरवून आणणारी मुलं : शून्य देण्याआधी कच्ची वही मागा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा : नववीत ४२ मुलं. जलसुरक्षा विषयासाठी 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' हा प्रकल्प दिला. आलेल्या वह्यांपैकी ३१ वह्यांमध्ये पहिला परिच्छेद अक्षरशः एकच. काहींनी तो इंटरनेटवरून घेतला, काहींनी मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतला, उरलेल्यांनी या दोघांच्या वह्यांवरून. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यांना शून्य द्या. एक सहकारी म्हणतात, दहा टक्के उतारा नियमात बसतो, तेव्हा साम्य मोजणारं सॉफ्टवेअर घेऊन तपासा. आता काय करू, आणि पुढच्या वर्षी हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

ताई, मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत २७ वर्षं मराठी आणि भूगोल शिकवते आहे. माझं उत्तर आधीच सांगते : शून्यही देऊ नका आणि सॉफ्टवेअरच्या मागेही लागू नका. पूर्ण झालेली, कव्हर घातलेली, नक्षी काढलेली वही तपासून उतरवणं थांबत नाही. वही अर्धवट असताना पाहिली तर थांबतं. सगळी मेहनत तिथे घालायची.

आधी त्या दहा टक्क्यांचं. हा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतून आला आहे आणि तो महाविद्यालयं-विद्यापीठांतल्या प्रबंधांसाठी, शोधनिबंधांसाठी आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या. शेवटच्या पायरीला संशोधकाची नोंदणीच रद्द होते. चौदा वर्षांच्या मुलाच्या प्रकल्पवहीशी याचा काही संबंध नाही. उलट 'दहा टक्के चालतं' हे मुलांच्या कानावर गेलं की दहा ओळींतली एक ओळ हक्काने उतरवायची, असा अर्थ ती काढतील. शाळेत टक्केवारीची भाषाच नको.

दुसरी गोष्ट शब्दाची. 'वाङ्मयचौर्य' हा शब्द मुलांना परका आहे आणि 'कॉपी' हा शब्द आपण परीक्षेला देऊन टाकला आहे. आपल्याकडे कॉपी म्हणजे चिठ्ठी, भरारी पथक, कॉपीमुक्त अभियान, १९८२ चा परीक्षांमधल्या गैरप्रकारांचा कायदा. त्यामुळे तुम्ही वर्गात "तुम्ही कॉपी केलीत" म्हणालात तर मुलांना खरोखर धक्का बसतो. माझ्या वर्गातला एक मुलगा अगदी मनापासून म्हणाला होता, "बाई, कॉपी नाही केली, मी शोधून आणलं." तो खोटं बोलत नव्हता. दोन तास मोबाइल धरून त्याने मजकूर शोधला होता, सुवाच्य अक्षरात उतरवला होता, हात दुखेपर्यंत लिहिलं होतं. त्याच्या लेखी ते कष्टच होते. तेव्हापासून मी 'चोरी' हा शब्द वापरत नाही. मी म्हणते, "शोधलंस ते चांगलं केलंस. आता कुठे शोधलंस ते लिही, आणि वाचून तुला काय कळलं ते त्याच्याखाली लिही." शोधणं हे कामच आहे, फक्त ते अर्धं काम आहे.

मुलं का उतरवतात, याचं उत्तर आपल्याच टेबलावर असतं. पहिलीपासून आपण "फळ्यावरचं उतरवून घ्या" म्हणतो. प्रश्नोत्तरं लिहून देतो, पाठ करून घेतो. परीक्षेत उत्तर पुस्तकातल्यासारखं जसंच्या तसं आलं की पूर्ण गुण, स्वतःच्या शब्दांत आलं की एक गुण कमी. निबंधात गाइडमधली सुरुवात आली की आपण 'छान' लिहितो. आठ वर्षं हे शिकवून नववीत एक दिवस आपण म्हणतो, प्रकल्प स्वतःच्या शब्दांत लिहा. मुलांनी तरी कुणाचं ऐकायचं?

यातली सगळ्यात खोल अडचण बोलीची आहे आणि तिच्याबद्दल शिक्षकांच्या बैठकीत कुणी बोलत नाही. आमच्याकडचं मूल स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हणजे वऱ्हाडीत लिहिणार. "तयाचं पाणी लय खारं हाय." म्हणजे तळ्याचं पाणी फार खारं आहे. हे त्याचे स्वतःचे शब्द. आपण त्यावर लाल रेघ मारतो, बाजूला 'अशुद्ध' लिहितो. मूल लहान असलं तरी एवढं त्याला समजतं की माझे शब्द इथे चालत नाहीत, इथे छापील शब्दच चालतात. मग ते छापील शब्द आणतं. खानदेशात अहिराणी, कोकणात मालवणी, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांचंही हेच होत असणार. म्हणून माझा पहिला नियम : कच्चा मसुदा बोलीत चालेल. त्यावर लाल पेन फिरणार नाही. प्रमाण मराठीत आणायचं ते दुसऱ्या खेपेला, आणि ते मी शेजारी बसून करून घेईन. हा एक नियम लावला आणि त्या वर्षी उतरवलेल्या वह्या निम्म्याहून कमी झाल्या.

कच्च्या वहीचं महत्त्व मला माझ्या एका चुकीने शिकवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने पावसाळ्यावर निबंध लिहिला. भाषा इतकी भरघोस, ओव्यांसारखी लय, की मी वर्गासमोर म्हणाले, "हा कुठल्या पुस्तकातला?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या रद्दी कागदांची शिवलेली वही घेऊन आली. तिच्यात त्याच निबंधाचे तीन खर्डे होते. खोडलेली वाक्यं, बाणांनी हलवलेले शब्द, समासात एके ठिकाणी 'आबांना विचारणे'. आजोबा गावात कीर्तनाला उभे राहायचे, त्यांच्या तोंडची भाषा तिच्या कानात होती. मी वर्गासमोर आरोप केला होता, म्हणून वर्गासमोरच माफी मागितली. पण ती मुलगी पुढे वर्षभर निबंधात अगदी सपक लिहीत राहिली. माझ्या एका वाक्याने तिची भाषा मिटून गेली, हे मला आजही विसरता येत नाही. म्हणून सांगते, खात्री नसताना आरोप करू नका. 'इतकं चांगलं याला जमणार नाही' ही खात्री नव्हे.

त्यानंतर मी पद्धतच बदलली. प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे गुण कच्च्या वहीला. ती रद्दी कागदाची चालेल, पेन्सिलची चालेल, खाडाखोड तर हवीच. तिच्यात तीन गोष्टी असतात : मला काय जाणून घ्यायचं आहे (माझे प्रश्न), मी कुठे पाहिलं किंवा कुणाला विचारलं, आणि मला काय कळलं. महिनाभराच्या कामात ही वही मी तीनदा पाहते. एका मुलामागे दोन मिनिटं, तीही तासाच्या सुरुवातीला बाकड्यांमधून फिरत. तपासत नाही, फक्त सही आणि तारीख करते आणि एक प्रश्न विचारते. शेवटच्या रात्री कुणाकडून तरी उतरवून आणायला तीन तारखांच्या सह्या मिळत नाहीत. बहुतेक मुलांनी उतरवलेलं असतं ते लबाडीने नाही, शेवटची रात्र आलेली असते म्हणून. तारखा वाटून दिल्या की ती रात्र येतच नाही.

तुम्ही म्हणाल, मूल्यमापनाच्या चौकटीत हे कसं बसवू? आठवीपर्यंत तर अडचणच नाही. २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात निरीक्षण आणि तोंडी काम ही प्रकल्पाइतकीच मान्य साधनं आहेत. नववीलाही अंतर्गत गुण देताना दोन मिनिटं तोंडी विचारायला कुणी अडवत नाही.

आता खुद्द लिहायला कसं शिकवायचं. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' ही सूचना आहे, ते शिकवणं नव्हे. हे हाताला वळण लावण्यासारखं करून दाखवावं लागतं. मी जुलैमध्ये दोन तास यासाठीच काढते आणि आमच्या जवळचं लोणार घेते. फळ्यावर पुस्तकी भाषेत एक उतारा लिहिते :

'लोणार सरोवर हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. सरोवराचे पाणी खारे व अल्कधर्मी आहे.'

त्याच्याखाली दुसरा :

'लोणारचे तळे हे बेसाल्ट दगडात उल्का आदळल्याने तयार झालेला खड्डा असून त्याची रुंदी साधारण १.८ किलोमीटर आहे. तळ्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे.'

विचारते, हे कुणाचं? सगळा वर्ग ओरडतो, "आपलं! शब्द बदलले!" इथेच थांबायचं आणि वेळ द्यायचा, कारण बहुतेक मुलांची आणि अनेक शिक्षकांचीही समजूत हीच आहे. मी दोन्ही उताऱ्यांतल्या जोड्या रेघांनी जोडते : सरोवर-तळे, खडक-दगड, विवर-खड्डा, सुमारे-साधारण. वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, फक्त कपडे बदललेले. मुलांना ते डोळ्यांनी दिसतं. मग फळा पुसते. पुसणं महत्त्वाचं आहे. म्हणते, "शेजाऱ्याला सांग, लोणारला काय झालं." मुलं बोलतात. मग लिहायला सांगते. एका मुलाने लिहिलेलं मला पाठ आहे : "लोणारला आभाळातून दगड पडला अन् काळ्या खडकात खड्डा पडला. खड्डा येवढा मोठा की या काठावरून त्या काठाला सरळ गेलं तर दोन किलोमीटरला थोडंच कमी." मग पुस्तक उघडून आकडा बरोबर आहे का पाहायचा, आणि खाली पुस्तकाचं नाव.

वाचा, मिटवा, सांगा, लिहा, उघडून पडताळा. पाचच क्रिया, पण 'मिटवा' आणि 'सांगा' वगळलं की उरलेलं उतरवणंच होतं. ज्याला सांगता येत नाही त्याला ते समजलेलं नाही, तेव्हा त्याने लिहायलाच घेऊ नये. पुन्हा वाचावं किंवा माझ्याकडे यावं. आणि एखादं वाक्य इतकं नेमकं असेल की आपल्याला त्याहून चांगलं सांगता येत नाही, तर ते खुशाल जसंच्या तसं घ्यावं. अवतरणचिन्हात घालावं आणि शेजारी नाव लिहावं. मुलांना हे सांगितलंच पाहिजे, कारण 'उतरवू नका' एवढंच ऐकलं तर दुसऱ्याचं काही घेणंच वाईट, असा त्यांचा समज होतो.

नाव लिहायचं ते का, हे मी संतांकडून सांगते. मुलांना ते लगेच कळतं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' त्यांच्या कानावर लहानपणापासून आहे. तुकारामांच्या काळात सालोमालो नावाचा माणूस दुसऱ्यांचे अभंग आपले म्हणून मिरवायचा. संतांची वचनं मोडून लोक स्वतःची भूषणं करतात, अशी व्यथा तुकारामांनी त्याचं नाव घेऊनच एका अभंगात मांडली आहे. उलट ज्ञानेश्वर एवढा मोठा ग्रंथ सांगून झाल्यावर, आपण व्यासांच्या मागोमाग, 'भाष्यकारांतें वाट पुसतु' आलो असं म्हणतात. वाट विचारली, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ही दोन उदाहरणं दिली की 'संदर्भ' हा शब्द मुलांना शिक्षेसारखा वाटत नाही.

संदर्भ कसा लिहायचा याचे विद्यापीठी नमुने शाळेत आणू नका. पाचवी-सहावीला एकच ओळ : 'हे मला कुठून कळलं'. आठवी-नववीला पुस्तक असेल तर नाव, लेखक, पान. संकेतस्थळ असेल तर लेखाचं नाव, संकेतस्थळ, पाहिल्याची तारीख. माणसाला विचारलं असेल तर नातं आणि दिवस : 'आजी, दिवाळीच्या सुट्टीत'. चित्र आणि नकाशालाही हेच. चित्राला मालक नसतो असं मुलं धरून चालतात. 'गुगल' एवढंच लिहिलेलं मी घेत नाही. गुगल वाट दाखवतं, मजकूर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो, त्याचं नाव हवं. मराठीतून वाचण्यासाठी मी मुलांना मराठी विश्वकोश दाखवते. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली उभं राहिलेलं हे काम आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतं आणि बऱ्याच नोंदींखाली लेखकाचं नाव असतं. मुलं ते नाव पाहतात आणि लेखाला माणूस असतो हे त्यांना कळतं. प्रत्येक वाक्याला मात्र संदर्भ लागत नाही. महाराष्ट्र १ मे १९६० ला स्थापन झाला, याला कशाचा आधार द्यायचा? सगळ्यांना ठाऊक असलेलं सोडा. आकडा, मत आणि कुणीतरी शोधून काढलेली गोष्ट असली की नाव द्या.

पण ताई, हे सगळं करूनही विषय 'जलप्रदूषण : कारणे व उपाय' असाच राहिला तर मुलं उतरवतीलच, कारण त्या विषयात मुलाने स्वतः करावं असं काही नाही. कारणं पुस्तकात आहेत, उपाय पुस्तकात आहेत. विषय असा द्या की ज्याचं उत्तर जगात कुठे लिहिलेलंच नाही. 'आमच्या घरी पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ येतं, आणि सात दिवसांत किती हंडे लागतात' हा विषय घ्या. प्रत्येक वहीत आकडा वेगळा येणार; दोन वह्यांत सारखा आला तर तोच चर्चेचा विषय. गावातल्या विहिरीची पाणीपातळी दोरीला गाठी मारून, मोठं माणूस सोबत घेऊन, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजायची. किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारायचं. आमच्या मुलांनी आणलेल्या उत्तरांत खडी फोडायला गेलेल्या आज्या होत्या, सुकडी होती, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी होती, गुरं सोडून दिल्याच्या गोष्टी होत्या. एका मुलीची आजी सांगताना रडली म्हणून तिने पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत आणि वहीत तसंच लिहिलं. असला प्रकल्प कोण उतरवणार?

पुस्तकी माहिती तरीही लागतेच, पण ती दुसऱ्या पायरीला. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आमच्या भागात घरोघरी नाना तर्क होते. मुलांना आधी घरातले तर्क लिहून आणायला सांगितले. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काय शोधलं ते वाचलं : पाणी कमी होऊन खारटपणा वाढला, मीठ मानवणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने रंग आला. घरचा तर्क आणि शास्त्रज्ञांचा निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणाचं काय, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

एआयबद्दल. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला खुलं झालं आणि आता घरातल्या एका मोबाइलवरही मूल त्याला मराठीत विचारतं. बंदी घालून ते थांबणार नाही. 'हे एआयने लिहिलं का' ते ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून मुलाला दोषी ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्या पावसाळ्याच्या निबंधाला असल्या साधनाने काय ठरवलं असतं, हा विचार माझ्या मनात येतो आणि मी ते वापरत नाही. त्याऐवजी एक तास असा करा : एआयला आपल्याच गावाबद्दल विचारा, उत्तर फळ्यावर लिहा आणि मुलांच्या हाती लाल खडू द्या. नदी चुकलेली असते, यात्रेचा महिना चुकलेला असतो, कधी नसलेलं पुस्तकही संदर्भ म्हणून दिलेलं असतं. ज्या गोष्टीत मूल जाणकार आहे तिथे त्याला चूक दिसली की, जिथे ते जाणकार नाही तिथेही ते सावध होतं. यानंतरचा नियम साधा : विचारलंत तर कच्च्या वहीत लिहा, काय विचारलं, काय घेतलं, कुठे पडताळलं.

पालकांशी एकदा बोला. प्रकल्प घरी आईने करणं, नाहीतर दुकानातून तयार आणणं, हे गुणांच्या काळजीपोटी होतं. मी पालकसभेत एवढंच सांगते की लिहून देऊ नका, दहा मिनिटं ऐका. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वहीचे फोटो फिरतात, त्याबद्दल मुलांना सांगते, मैत्रिणीला समजावून सांग, वही देऊ नको. आणि आपलं आपणही पाहावं. शाळेच्या फळ्यावरच्या सुविचाराखाली विवेकानंद किंवा कलाम यांचं नाव अंदाजाने टाकू नये. कुणाचं आहे ते नक्की ठाऊक नसेल तर नावाशिवाय लिहावं. दुसऱ्या शिक्षकाने केलेली कृतिपत्रिका वापरली तर खाली त्यांचं नाव लिहावं. मुलं हे बारकाईने पाहतात.

आता त्या ३१ वह्या. वर्गात नावं वाचू नका. सर्वांच्या, चांगल्या अकरांच्याही, वह्या परत द्या आणि एकच जादा पान मागा. वर्गातच, चाळीस मिनिटांत, वही मिटवून लिहायचं : या प्रकल्पातली मला कळलेली एक गोष्ट, न कळलेला एक शब्द, हे मी कुठून घेतलं, आणि माझ्या घराजवळच्या पाण्यात मी स्वतः पाहिलेलं काय. बोलीत चालेल. शेवटच्या प्रश्नाला सर्वाधिक गुण ठेवा. जी मुलं खरं सांगतील की अमुकच्या वहीवरून घेतलं, त्यांचे त्यासाठी गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. ज्यांना एकही ओळ लिहिता येणार नाही अशी चार-पाच मुलं निघतील. त्यांना मधल्या सुट्टीत एकेकट्याने बोलवा आणि आधी उतारा वाचायला द्या. माझा अनुभव असा आहे की त्यातल्या दोघा-तिघांना तो नीट वाचताच येत नसतो, आणि त्यांचं काम मग प्रकल्पापासून नाही, वाचनापासून सुरू करावं लागतं.

मुख्याध्यापकांना ही पानं दाखवा, शून्याचा विषय बहुधा तिथेच संपेल. पुढच्या वर्षीचा विषय मात्र एप्रिलमध्येच ठरवा. विहिरीची पातळी मोजायची असेल तर पहिली नोंद मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी घ्यावी लागते, आणि त्यासाठी आठवीतून नववीत जाणाऱ्या मुलांच्या हातात सुट्टी लागण्यापूर्वी कच्ची वही पडलेली असायला हवी.